दारावर टकटक करायची नाही

"पण अंकल, नेव्हीच्या डॉक्टरने तुम्हाला बोलावलं होतं ना? मग गेला का नाहीत?"

सुनेत्राने हा प्रश्न तिसऱ्या खेपेला विचारला, तेव्हा ॲम्ब्रोज तुस्कानोने कॉफीच्या कपाचं झाकण नीट बसवलं, मग काढलं, मग परत बसवलं. पहिल्या खेपेला त्याने सांगितलं होतं की विसरलो. दुसऱ्या खेपेला सांगितलं, ड्यूटी होती. दोन्ही थापा इतक्या कच्च्या होत्या की मुलीने त्या लिहूनसुद्धा घेतल्या नव्हत्या.

"नाही गेलो. एवढं पुरत नाही का?"

"नाही पुरत. तुमचा अर्ज तपासणारं बोर्ड पहिला प्रश्न हाच विचारणार. तुमच्या रेकॉर्डवर काय आहे? दारू, ड्यूटीवर गैरहजर, परत दारू, आणि शेवटी 'सेवेस अयोग्य'. आपण म्हणतोय की हा माणूस आजारी होता, त्याला मेडिकल रिलीज देऊन मानाने सोडायला हवं होतं. आणि डॉक्टर लिहून गेलाय की मी बोलावलं, हा आलाच नाही. सॉरी अंकल, पण मी बोर्डावर असते ना, तर मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं."

सुनेत्रा नागपूरची. कॅनडात हॅलिफॅक्सला वकिली शिकत होती आणि युनिव्हर्सिटीच्या मोफत सल्ला केंद्रात माजी सैनिकांच्या केसेस बघत होती. ॲम्ब्रोजची आणि तिची ओळख झाली ती बोटीवर. तो हॅलिफॅक्स ते डार्टमथ जाणाऱ्या फेरीबोटीवर डेकहँड आहे. बोट धक्क्याला लागली की दोर टाकायचा, लोकांना उतरवायचं, नवे चढवायचे, दोर सोडायचा आणि परत पलीकडे. एका गोठलेल्या सकाळी ओला दोर त्याच्या बोटांवर आदळला आणि तोंडातून अशी अस्सल वसईची शिवी निघाली, की रांगेतल्या एका मुलीची मान गर्रकन वळली. परदेशात मराठी माणसाला मराठी माणूस असाच सापडतो.

तिने त्याच्या केसचं ओझं हौसेने अंगावर घेतलं होतं. आणि हा बाबा साध्या प्रश्नाला उत्तर देत नव्हता.

"कुणाला तरी सांगितलं असेल ना त्या वेळी? झोप लागत नाही, भीती वाटते, असं काहीतरी? मित्राला? घरी? एक माणूस जरी म्हणाला, की हो, तेव्हाच तो मला हे बोलला होता, तरी केस उभी राहील."

ॲम्ब्रोजने खिडकीबाहेर पाहिलं. बंदराच्या पलीकडे कॅनडाच्या नेव्हीची करडी जहाजं उभी होती. कामाच्या प्रत्येक दिवशी ती त्याला दिसत, आणि प्रत्येक दिवशी तो दुसरीकडे बघण्याचं काहीतरी कारण शोधत असे.

"एकीला सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण तिला विचारावं लागेल."

*

तुस्कानोंच्या घरात एक नियम होता. बंद दारावर टकटक करायची नाही. वॉशरूम असो, बेडरूम असो, तळघरातली ॲम्ब्रोजची खोली असो, दारापाशी जायचं, उभं राहायचं आणि म्हणायचं, "मी आहे." आतल्याने ओ दिली की झालं. बाहेरच्या दाराला घंटी होती, तीसुद्धा बारीक किणकिणणारी, त्याच्या बायकोने, व्हेरॉनिकाने, दुकानात दहा घंट्या वाजवून बघून निवडलेली. पार्सल आणणाऱ्यांसाठी तिने दारावर पाटी लावली होती: कृपया ठोकू नका, घंटी वाजवा. शेजाऱ्यांना वाटायचं घरात तान्हं मूल आहे. मूल वाढून वीस वर्षांचं झालं तरी पाटी तशीच होती.

मूल म्हणजे क्रिस्टा. लहानपणी तिला वाटायचं, दारावर न ठोकणं ही इंडियातली पद्धत असणार. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरीसुद्धा ती बंद दारापुढे उभी राहून "मी आहे" म्हणाली होती, आणि सगळ्या पोरी खो खो हसल्या होत्या. मोठी झाल्यावर तिचं "मी आहे" चं "इट्स मी" झालं. नियम मात्र तिने मोडला नाही. का, ते कुणी तिला सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. बापाबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं, की तो नेव्हीत होता, प्यायला लागला आणि त्याला काढून टाकलं. आता अकरा वर्षं तो थेंबाला शिवलेला नव्हता, पण काढून टाकलेला तो टाकलेलाच.

आणि या पोरीने गेल्या ऑक्टोबरात जेवता जेवता जाहीर केलं, की तिने नेव्हीसाठी अप्लाय केलंय आणि तिला घेतलंय.

ॲम्ब्रोजचा घास हातातच राहिला. त्याला आनंद झाला, भीती वाटली आणि हेवाही वाटला. स्वतःच्या मुलीचा हेवा वाटावा याची लाजही वाटली. मार्चमध्ये शपथविधी होता, घरच्यांना बोलावणं होतं. आईवडिलांपैकी कुणी नोकरीत राहिलेलं असेल तर ते पदकं लावून येतात, पुढच्या रांगेत बसतात, असं क्रिस्टा बोलून गेली आणि मधेच थांबली.

"इट्स फाइन, डॅड," ती म्हणाली. "यू डोन्ट हॅव टू कम. रिअली."

ती हे रागाने म्हणाली असती तर ॲम्ब्रोजने सोसलं असतं. ती मायेने म्हणाली. बापाची फजिती होऊ नये म्हणून म्हणाली. त्याला ते इतकं लागलं, की दुसऱ्याच दिवशी त्याने फेरीबोटीवर त्या नागपूरच्या मुलीला गाठलं आणि विचारलं, "बाय, ते 'अयोग्य' बदलून मिळतं का ग?"

*

त्याने बहिणीला फोन केला तो सकाळच्या ब्रेकमध्ये, बोटीच्या मागच्या डेकवर उभं राहून. वसईला तेव्हा संध्याकाळ असते. शीलाच्या घरात मागे भांड्यांचा आणि बायकांचा आवाज होता. तिच्या मुलीचं, स्वीडलचं लग्न ठरलेलं. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत बार उडवायचा होता.

"दादा! बोल पटकन, इथे नुस्ती धांदल आहे. फ्रँकलिन बँडवाल्याशी भांडतोय. परवाच्या रविवारी पहिली घोषणा झाली चर्चमध्ये. स्वीडलचं नाव घेतलं ना फादरने, मला रडूच आलं."

वसईच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं पुकारतात. कुणाला काही हरकत ठाऊक असेल तर त्याने येऊन सांगावं, असं फादर म्हणतात. हरकत सांगायला कधी कुणी येत नाही. पण या तीन रविवारांत सोयरे मंडळी जी चौकशी करून घेतात, तिच्यापुढे पोलीससुद्धा कच्चे ठरावेत. नवऱ्यामुलाची मावशी कुठे असते, नवरीचा मामा काय करतो, सगळं निघतं.

"शीला, तुला आठवतं का, तुझ्या घोषणा चालू होत्या तेव्हा मी तुला बूथवरून फोन केला होता?"

शीलाकडचा भांड्यांचा आवाज हळूहळू कमी झाला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"कोणता फोन?"

"तोच."

आठवत होता तिला. न आठवायला काय झालं? अठ्ठावीस वर्षांचा भाऊ कॅनडातल्या कुठल्याशा धक्क्यावरून ढसाढसा रडत होता. जहाजावर आग लागली होती, तो आणि त्याचा जोडीदार आत होते, आणि आता त्याला झोप लागली की ठोकण्याचा आवाज येत होता. डॉक्टर बोलवतोय म्हणाला. डोक्याचा डॉक्टर. शीला तेव्हा तेवीसची. तिचा एक रविवार झाला होता, दोन बाकी होते. ती घाबरली आणि तिला जे सुचलं ते तिने सांगितलं: दादा, डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊ नको. टोरंटोच्या आत्याला कळलं तर गावात दवंडी पिटल्यासारखं होईल. फ्रँकलिनच्या घरचे मोडतील लग्न, म्हणतील यांच्या घरात वेड आहे. त्यापेक्षा दारू प्यालो म्हणून सांग. दारू काय, सगळेच पितात.

हे काही खोटं नव्हतं. आपल्याकडे पिणाऱ्या मामाला लग्नात कोपऱ्यातली खुर्ची देतात, जेवायला वाढतात, आणि रात्री दोघे धरून घरी पोचवतात. डोक्याच्या डॉक्टरकडे गेलेल्याचं नाव मात्र दोन पिढ्या दबक्या आवाजात घेतात. ॲम्ब्रोजला बहिणीचं म्हणणं पटलं. तो डॉक्टरकडे गेला नाही. दारू प्यालो म्हणाला. आणि म्हणता म्हणता खरोखर प्यायला लागला.

"एवढंच सांगायचंय ग तुला," तो म्हणाला. "की त्या वेळी मी तुला हे बोललो होतो. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. ते तुला फोन करतील, इंग्लिशमध्ये विचारतील, तू तुझं मराठीत सांग, तिकडे माणूस असतो भाषांतराला."

"फोन? इथे?"

"हो."

"दादा, तुला काय वेड लागलंय काय?" शीला बोलून गेली. मग घाईघाईने म्हणाली, "तसं नाही रे. पण बघ ना तूच. घर भरलंय पाहुण्यांनी. कॅनडाच्या सरकारचा फोन आला, फ्रँकलिनने उचलला, तर काय सांगू मी? माझा भाऊ वेडा होता म्हणून? स्वीडलचे दोन रविवार आहेत अजून. तिची सासू कशी आहे तुला माहीत नाही."

"वेडा नव्हतो मी, शीला."

"मला ठाऊक आहे रे! मला ठाऊक आहे म्हणून तर... दादा, लग्न होऊ दे. मग तू म्हणशील ते सांगते, गळ्याशप्पथ. दोन रविवार थांब."

भोंगा वाजला. बोट धक्क्याला लागत होती, दोर टाकायला हवा होता.

"लग्नाला मी येऊ का?" त्याने विचारलं. का विचारलं ते त्यालाच कळलं नाही. मामाचा मान असतो, कुणी विचारलं नव्हतं, म्हणून असेल.

शीला म्हणाली, "इतक्या लांबून कशाला दगदग करतोस, दादा? थंडीचे दिवस. आणि लग्नात दारू असतेच. उगाच तुला त्रास."

*

सुनेत्राने तारीख पुढे ढकलता येते का पाहिलं. एकदा ढकललेली होती, आता ढकलली तर पुन्हा रांगेच्या शेवटी, म्हणजे शपथविधी निघून जाणार.

"मग बहिणीचं नाव घ्या तुम्ही सरळ," ती म्हणाली. "सगळं कॉन्फिडेन्शियल असतं, अंकल. वसईत कुणाला काही कळत नाही."

"तिला फोन जाणार ना?"

"जाणार."

"मग कळलं."

व्हेरॉनिका हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. चादरींच्या वाफेत दिवस काढून आलेल्या बाईला घरी आल्यावर फार नाजूक बोलता येत नाही. ॲम्ब्रोजने तिला शीलाचा निरोप सांगितला तेव्हा ती बूट काढत होती. एक बूट तिने हातातच धरून ठेवला.

"म्हणजे तिच्या लग्नासाठी तू बेवडा झालास, आणि तिच्या पोरीच्या लग्नासाठी बेवडा राहायचंस. आणि पुढे नातवंडाचा बाप्तिस्मा असेल, त्याची पार्टी असेल. शीला कधीच मोकळी होणार नाही, ॲम्ब्रोज. सांगून ठेवते."

"दोन रविवारांचा प्रश्न आहे."

"माझं लग्न ठरलं तेव्हा तुझ्याबद्दल काय सांगितलं होतं माहितीये? पितो, पण मारत नाही. ही तुझी शिफारस! मी त्याच्यावर हो म्हटलं. मला कुणी सांगितलं असतं ना, की माणूस आजारी आहे, तरी मी हो म्हटलं असतं. पण मला विचारलं कुणी?"

तिने बूट जागेवर ठेवला, आत जाऊन हात धुतले आणि त्याच्यासाठी चहा टाकला. तिचं भांडण असंच संपायचं.

*

सुनावणी व्हिडिओवर होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुनेत्राने लॅपटॉप उघडला. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता. व्हेरॉनिकाने सुट्टी घेतली होती आणि ती ओट्याशी पाठ टेकून उभी होती. क्रिस्टा ग्रोसरीच्या दुकानात कामावर होती. मुद्दामच ती नसतानाची वेळ घेतली होती.

पडद्यावर तीन माणसं आली. मधली बाई पांढऱ्या केसांची, चष्म्यातून बघणारी. ती मऊ आवाजात म्हणाली, की घाई नाही, तुमच्या शब्दांत सांगा. ॲम्ब्रोजने इंग्लिशमध्ये सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला तो रिपोर्ट वाचल्यासारखा बोलत होता.

जहाजाच्या खालच्या एका खणात आग लागली. तो आणि डॉइल नावाचा एक न्यूफाउंडलंडचा पोरगा पाण्याचा पाइप घेऊन आत गेले. धूर इतका, की स्वतःचा हात दिसत नव्हता. मग हुकूम आला: बाहेर या, दार बंद करा, आत गॅस सोडून आग मारायची आहे. ॲम्ब्रोज बाहेर आला. डॉइल आपल्या पुढे निघून गेला अशी त्याची खात्री होती. त्याने लोखंडी दार ओढलं आणि कड्या फिरवल्या.

इथे तो थांबला. सुनेत्राने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्याने तो घेतला नाही.

"मग आतून ठोकण्याचा आवाज आला," तो म्हणाला.

डॉइल आत होता. हुकूम होता की दार उघडायचं नाही. उघडलं तर आग पूर्ण मजल्यावर पसरेल. ॲम्ब्रोजचा हात कडीवर होता आणि तो वर विचारत होता, उघडू का, उघडू का, आणि वरून उत्तर येत नव्हतं. आतून ठोकणं चालू होतं. आधी जोरात. मग हळू. मग उत्तर आलं, उघड, आणि त्याने उघडलं. मिनिटभराचा खेळ झाला असेल, असं नंतर चौकशीत ठरलं. डॉइल वाचला. त्याची फुप्फुसं गेली, पण वाचला. आजही नाताळला कार्ड पाठवतो. ॲम्ब्रोजने ठरवून दिलेलं सगळं बरोबर केलं, असं कॅप्टनने सगळ्यांदेखत सांगितलं, पाठ थोपटली.

"मला शिक्षा केली असती तर बरं झालं असतं," ॲम्ब्रोज म्हणाला. आता तो रिपोर्ट वाचत नव्हता. "सगळे शाबास म्हणाले. मी त्याला ठोकायला लावलं, मॅडम. माझा हात कडीवर होता. अजूनही कुणी दार ठोकलं की माझा हात कडी शोधतो. माझ्या घरात कुणी दार ठोकत नाही. माझ्या मुलीला मी लहानपणापासून शिकवलंय, ठोकायचं नाही, बाहेरून सांगायचं, मी आहे. तिला कधी सांगितलं नाही का ते. लाज वाटते."

पांढऱ्या केसांच्या बाईने चष्मा काढून पुसला. मग कागद पाहिले. तिला तो प्रश्न विचारणं भागच होतं.

"मिस्टर तुस्कानो, त्या काळात तुम्ही हे कुणाजवळ बोलला होता का? मित्र, घरचं कुणी? नाव द्या, आम्ही आजच्या आज त्यांच्याशी फोनवर बोलू."

टेबलाखाली सुनेत्राने बुटाने त्याचा पाय दाबला. व्हेरॉनिका ओट्यापासून एक पाऊल पुढे आली. फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेली स्वीडलच्या लग्नाची पत्रिका होती. सोनेरी घंटा, खाली चर्चचं नाव, खाली आईबापांची नावं. तिसरा रविवार अजून व्हायचा होता.

ॲम्ब्रोजला पाहुण्यांनी भरलेलं घर दिसलं. फ्रँकलिन फोन उचलतोय, हॅलो हॅलो करतोय, आणि शीला पदराला हात पुसत धावत येतेय. तिचा चेहरा त्याला दिसला. तेविशीतला दिसला, आताचा नाही.

"नाही," तो म्हणाला. "कुणालाच सांगितलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

पडदा काळा झाल्यावर सुनेत्राने लॅपटॉप मिटला. ती रागावली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं. "अंकल, जिंकलो होतो हो आपण," एवढंच म्हणाली आणि कोट शोधायला लागली. व्हेरॉनिका ओट्याकडे वळून भांडी विसळायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

सुनेत्राला निरोप द्यायला ॲम्ब्रोज मागच्या दारापर्यंत गेला, तेव्हा तिथे क्रिस्टाचे बूट होते. त्यांच्यावरचा बर्फ पूर्ण वितळून खाली पाणी साचलं होतं. बर्फामुळे दुकान लवकर बंद केलं असणार. तळघरात उतरणाऱ्या जिन्यावरून स्वयंपाकघरातला शब्द न् शब्द ऐकू येतो, हे त्या घरात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. त्याने जिन्यात डोकावलं. कुणी नव्हतं. खाली तिच्या खोलीचं दार बंद होतं. तो दारापर्यंत गेला, उभा राहिला आणि काही न बोलता परत वर आला.

*

स्वीडलचं लग्न छान झालं. इथे सकाळ होती तेव्हा व्हेरॉनिकाने टीव्हीवर लावलं. चर्च भरलेलं होतं. शीला जांभळ्या साडीत इकडून तिकडे धावत होती. मामाच्या जागी फ्रँकलिनचा कोणी चुलतभाऊ उभा होता.

चार दिवसांनी शीलाचा फोन आला. आवाज बसलेला, पण खुशीत होती.

"दादा, सगळं सुखरूप पार पडलं बघ. तुझी फार आठवण आली. खोटं नाही सांगत."

"पंगतीला इंद्याल पुरलं का?"

"पुरून उरलं. तळलेले फुगे कमी पडले थोडे." मग ती घुटमळली. "दादा, ते तुझ्या कामाचं... मी सांगते म्हटलं होतं. सांगणारच आहे. पण पोरगी आत्ताच नवीन घरात गेलीय रे. सासू तिला काय काय विचारत असते. एक वर्ष जाऊ दे. तिचं नीट बस्तान बसू दे, मग मी तुला हवं ते बोलते. चालेल ना?"

ॲम्ब्रोजच्या खिशात बोर्डाचा निकाल होता, आदल्या दिवशी आलेला. बदल नाही. कारणात एकच वाक्य कामाचं होतं: त्या काळात अर्जदाराने आपल्या त्रासाबद्दल कुणालाही सांगितल्याचं आढळत नाही. सुनेत्रा म्हणाली होती, नवा पुरावा आला तर पुन्हा अर्ज करता येतो, अंकल, बहिणीला परत एकदा विचारून तर बघा.

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. फार दमल्यासारखं वाटलं, डबल शिफ्ट करून आल्यावर वाटतं तसं.

"चालेल," तो म्हणाला. "स्वीडलला माझे आशीर्वाद सांग."

फोन ठेवल्यावर व्हेरॉनिकाने काय म्हणाली म्हणून विचारलं. "लग्न छान झालं म्हणाली," त्याने सांगितलं. व्हेरॉनिकाने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

*

शपथविधीच्या दिवशी ॲम्ब्रोजला ड्यूटी होती. म्हणजे, त्याने घरी तसं सांगितलं होतं. जुनीच थाप, पण याहून बरी त्याला कधी सुचली नाही.

क्रिस्टा तेव्हा फक्त "ओके" म्हणाली होती. त्या सुनावणीपासून ती घरात कमी बोलत होती. जेवताना बापाकडे बघायची, आणि त्याने वर पाहिलं की ताटात बघायची. काय ऐकलं, किती ऐकलं, त्याबद्दल कुणी तोंड उघडलं नव्हतं. आपल्याकडे घरातली मोठी गोष्ट अशीच सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणीच बोललेलं नसतं.

सकाळी तो तळघरातल्या आपल्या खोलीत गेला आणि दाराची कडी लावली. कामाचं जॅकेट अंगात होतं, पण काम नव्हतं. वरून आवाज येत होते. व्हेरॉनिका साडीच्या पिना शोधत होती. क्रिस्टाचे नवे बूट लाकडी फरशीवर वाजत होते. गाडीवरचा बर्फ खरवडायला कुणीतरी बाहेर जाऊन आलं. ॲम्ब्रोजने कपाटातून एक डबी काढली. आत त्याचं पदक होतं, एकच. त्याने ते हातात घेतलं. ते काही जड नव्हतं. डबी मिटून त्याने मांडीवर ठेवली आणि गाडी सुरू होण्याची वाट बघत बसला. दोघी गेल्या की वर जाऊन चहा करू, असं त्याने ठरवलं होतं.

गाडी सुरू झाली नाही. बूट जिन्यावर आले. एकेक पायरी उतरत खाली आले, दारापाशी थांबले.

बंद दारापुढे माणसाचा हात आपोआप वर जातो. गुडघ्यावरचा त्याचा स्वतःचा हात ताठ झाला.

टकटक झाली नाही.

"डॅड," क्रिस्टा म्हणाली, "मी आहे."

कितीतरी वर्षांनी तिने ते मराठीत म्हटलं होतं. 'ह' अजून तसाच कच्चा, लहानपणीसारखा. ॲम्ब्रोजला ओ द्यायची होती. पलीकडे ती उभी होती, आणि दोघांच्या मधे दार होतं, आणि कडी आतून होती.

"मम्मी गाडीत बसलीय. शी टोल्ड मी अबाउट शीला आँटी. सगळं." ती थांबली. "आय नो यू डोन्ट हॅव ड्यूटी. आय चेक्ड."

वर व्हेरॉनिकाने एकदा हॉर्न वाजवला, आणि मग जणू घाबरून लगेच बंद केला.

"इट्स ओके, टेक युअर टाइम," क्रिस्टा म्हणाली. "मी इथेच आहे. मी जात नाही."

डबी जॅकेटच्या खिशात टाकून ॲम्ब्रोज उठला. कडी कुठे आहे ते त्याला शोधावं लागलं नाही. त्याने ती काढली.